संध्याकाळी खुराड्याचं दार तुमच्या घरी कोण लावतं?

ओसरी | १९ ऑगस्ट, रात्री १०.१२

नमस्कार. परसबागेचे धागे मी इथे बरेच दिवस वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. मन जड आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही सिंहगडाच्या पायथ्याला, डोणज्याच्या अलीकडे राहतो. ११ गुंठे जागा, मधोमध चार खोल्यांचं घर, मागे विहीर. चार वर्षांपूर्वी कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन इथे आलो. नवऱ्याला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करता येतं, मी जवळच्याच शाळेत शिकवते. घरात सासूबाई, ११ वर्षांची लेक आणि ६ वर्षांचा मुलगा. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्या अंड्याला शिवत नाहीत, पण सकाळचे दाणे त्यांच्याच हातचे. त्यांची काठी ओसरीच्या फरशीवर वाजली की सगळी फौज पायरीशी गोळा व्हायची. १४ कोंबड्या आणि २ कोंबडे.

आमच्याकडे बाग आणि कोंबड्या असं वेगळं काही नव्हतंच. वाफा मोकळा झाला की आठवडाभर त्यावर कोंबड्या सोडायच्या. त्या उकरून उकरून हुमणीच्या अळ्या, गोगलगाईंची पिल्लं, तणाचं बी सगळं टिपायच्या. मग त्यांना बाहेर काढून जाळी लावायची आणि मेथी, पालक, लाल माठ पेरायचा. खुराड्यातली भाताच्या तुसाची गादी पालापाचोळ्यात कुजली की दोडक्या-घोसाळ्याच्या आळ्यात जायची. मुलांना मी हे कधी बसवून शिकवलं नाही, ती बघत बघत शिकली.

कामं वाटलेली होती. दाणे आजीचे, पाणी आणि अंडी धाकट्याची, गादी खालीवर करणं नवऱ्याचं, आणि संध्याकाळी दार लावणं लेकीचं. तिने ते काम स्वतः मागून घेतलं होतं आणि दोन वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं.

परवाच्या रविवारी कोथरूडला पुतणीचं बारसं होतं. सासूबाईंचे गुडघे पावसात फार दुखतात, म्हणून त्या घरीच थांबल्या. निघताना लेक म्हणाली, "आजी, आज दार तू लाव." आजी म्हणाली, "लावते गं."

श्रावणातला रविवार, त्यात पाऊस उघडलेला. गडावरून आणि पानशेतहून परतणाऱ्यांची गर्दी, खडकवासल्याच्या चौपाटीपाशी गाड्या जागच्या हलेनात. घरी पोचायला साडेनऊ वाजले. लाइट गेलेली, आजी झोपलेली, मुलं गाडीतच पेंगलेली. नवऱ्याने ओसरीवरून बॅटरी मारली, खुराड्याचं दार बंद दिसलं. आम्ही आत आलो.

सकाळी साडेसहाला लेकीने दार उघडायला हात लावला तर ते आधीच चार बोटं उघडं होतं.

आत ९ मेलेल्या होत्या. बहुतेकींच्या मानेवर आणि डोक्यावर दातांच्या खुणा, अंग जवळपास शाबूत. दोघींचा पत्ताच नाही, पिसांची ओळ बांधाकडे गेलेली. वरच्या दांडीवर तिघं जिवंत, त्यातल्या कोंबड्याचा पंख फाटलेला. आणि दोघी रात्रभर बाहेर शेवग्यावर होत्या, आमची काजळी आणि एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. १६ मधले ५ उरले.

दार आजीने लावलं होतं. छत्री घेऊन, दुखऱ्या गुडघ्याने तिन्हीसांजेला जाऊन लावलं होतं. पण पावसाने ते लाकडी दार फुगतं. कडी कोयंड्यात नीट बसायला खालची कड पायाच्या अंगठ्याने जराशी उचलून धरावी लागते. लेक हे रोज करत होती. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नाही. आणि आम्ही कुणीही दोन वर्षांत तिच्याबरोबर जाऊन पाहिलं नव्हतं.

आता घरात तीन माणसं आपापल्या जागी स्वतःला दोष देत बसली आहेत. लेक म्हणते, "मी आजीला पायाचं सांगितलंच नाही." सासूबाई म्हणतात, "मी कडी ओढून बघायला हवी होती." नवरा म्हणतो, बॅटरी मारली तसा चार पावलं पुढे गेलो असतो तर. लेक कालपासून मागच्या दारी फिरकलेली नाही. सासूबाईंनी आज दाणे टाकले, पण काठी वाजवली नाही.

नवऱ्याला सेन्सरवर आपोआप लागणारं दार बसवायचं आहे. सासूबाई म्हणतात, आता जीव पाळायला नकोत. मला पुन्हा सुरुवात करायची आहे, पण कशी ते कळत नाही. एक दिवसाची पिल्लं आणू की तयार तलंगा? आणि मुख्य म्हणजे, तुमच्या घरी हे दार कोण लावतं?

---

गच्चीबाग | १९ ऑगस्ट, रात्री १०.४०

वाचून गलबलून आलं. लेकीला जवळ घ्या. बाकी जाणकार सांगतीलच, मी वाचते आहे.

---

पुरंदरची आजी | २० ऑगस्ट, सकाळी ६.०५

ताई, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मी त्यांच्याच वयाची असेन. माझी माळही आहे आणि माझ्या दारात कोंबड्याही आहेत, त्यामुळे त्यांचं मन मला कळतं.

माझ्या लहानपणी सासवडकडच्या आमच्या गावात कुणाच्या दारात असलं जाळीचं खुराडं नव्हतं. रात्री कोंबड्या घरातच, चुलीच्या मागे डालग्याखाली. पिल्लांची कोंबडी वेगळ्या डालग्यात. डालगं पालथं घालायचं आणि वर वरवंटा ठेवायचा. आमची आई कोंबड्या हाताने चाचपून मोजायची, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवून. आकडा मोठ्याने म्हणायची आणि आम्ही पोरं जिथं असू तिथून तो परत म्हणायचो. कुणी "सात" म्हणालं आणि आईने "आठ" म्हटलेलं असलं की सगळे उठून शोधायला. चुलीपासच्या माणसालाही ठाऊक असायचं आणि ओट्यावरच्यालाही. ही पद्धत आहे असं कुणाला वाटायचं नाही, तिन्हीसांजेला दिवा लावतात तसंच हे.

नातीला एकच सांग. तिने दोन वर्षं फुगलेलं दार पायाने उचलून लावलं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिने शोधलं. आता ते आजीला शिकवायला लाव. आजीला तिच्याकडून शिकायचं आहे असं कळलं की ती आपसूक मागच्या दारी जाईल.

आणि जीव पाळायला नकोत असं सासूबाई म्हणतात, ते चार दिवस राहू दे. लगेच समजावू नको.

---

पाणकळा | २० ऑगस्ट, सकाळी ९.३०

आम्ही मुळशीत, पौडच्या पुढे. आपोआप लागणारं दार आमच्याकडे दोन वर्षांपासून आहे, म्हणून अनुभव लिहितो.

वस्तू चांगली आहे, बसवू नका असं मी म्हणणार नाही. पण ते उजेडावर चालतं. जुलैत आमच्याकडे एकदा दुपारनंतर असं भरून आलं की सव्वापाचलाच दार खाली आलं. तीन कोंबड्या बाहेर राहिल्या. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, ती जिथे असेल तिथेच बसून राहते. आम्ही गाफील, कारण दार "आपोआप" लागतं. सकाळी दोनच मिळाल्या. तेव्हापासून ते घड्याळावर ठेवलं आहे आणि तरी रोज कुणीतरी जाऊन मोजतो. दार यंत्र लावतं, पण आत किती जीव आहेत हे त्याला सांगता येत नाही.

त्यापेक्षा आधी हे करा. लाकडी दार काढून लोखंडी चौकटीचं लावा, ते फुगणार नाही. एकाऐवजी दोन कड्या, वर आणि खाली, आणि कोयंड्यात अडकवायला पिन. रानमांजर नुसती सैल कडी पंजाने ओढून उघडतं. षटकोनी कोंबडीजाळी असेल तर तीही बदला. ती कोंबडी आत ठेवायला पुरते, बाहेरचं जनावर अडवायला नाही, कुत्रा दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि खाली फूटभर जमिनीत पुरून बाहेरच्या अंगाला वळवा, म्हणजे उकरणाऱ्याला जाळीच लागते. खाली शहाबादी फरशी असेल तर उत्तम.

तुमच्या वर्णनावरून हे मुंगसाचं काम वाटत नाही. मुंगूस दिवसा हिंडतं. रात्री, इतक्या माना चावून आणि बहुतेक तशाच टाकून, म्हणजे रानमांजर किंवा उदमांजर. बंद जागेत घाबरून फडफडणाऱ्या कोंबड्या दिसल्या की ते खाण्यापुरतं मारून थांबत नाही. चिडून पिंजरा लावू नका, विष तर मुळीच नको. १९७२ च्या कायद्याने ही जनावरं संरक्षित आहेत, आणि डोंगराच्या पायथ्याला आपणच त्यांच्या वाटेवर राहायला आलो आहोत.

---

ओतूरकर | २० ऑगस्ट, दुपारी १.१५

ताई, मी जुन्नर तालुक्यातला. मला वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटली म्हणून जेवण अर्धवट ठेवून लिहितोय.

तुमची ११ वर्षांची मुलगी रोज तिन्हीसांजेला एकटी मागच्या दारी जाते. डोणजे म्हणजे सिंहगडाची रांग. तुमच्याकडेही बिबट्या आहे, आमच्याएवढा नसेल, पण आहे. आमच्याकडे तो उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो, माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्यातूनच उभं राहिलं. कोंबड्या, शेळ्या, कुत्री यांच्या वासाने तो वस्तीपाशी येतो. त्याची वेळ तुमच्या दार लावण्याचीच. लहान मूल किंवा वाकलेला, खाली बसलेला माणूस त्याला आपल्या सावजासारखा दिसतो. आणि कडी लावताना माणूस वाकतो.

भीती घालायची नाही. आम्ही अशाच ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहतोय. पण आमच्याकडे पोरं एकटी जात नाहीत. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी कोंबड्या दाणे दाखवून आत घ्यायच्या, उजेड असतानाच दार लावायचं. बरोबर एक मोठं माणूस, हातात बॅटरी, तोंडाने बोलत जायचं, मोबाईलवर गाणी लावली तरी चालतील. खुराड्यापर्यंतची वाट साफ, दोन्ही बाजूंचं गवत कापलेलं. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या नसतील अशी आशा आहे. त्या वासावर जनावर पुन्हा पुन्हा येतं. पायाचे ठसे दिसले तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

लेकीचं काम काढून घेऊ नका. तिच्या जोडीला कुणीतरी जा.

---

ओसरी | २० ऑगस्ट, रात्री ९.५०

ओतूरकर, तुमचा प्रतिसाद मी शाळेतच वाचला आणि हात गार पडले. हा विचार आमच्या कुणाच्याच मनात आला नव्हता. लेक रोज जायची आणि आम्हाला तिचं कौतुक वाटायचं. आज साडेसहाला नवरा गेला आणि उरलेल्या पाचांना आत घेऊन आला. उजेड होता.

मेलेल्या ९ कोंबड्या सोमवारीच बांधाच्या कडेला तीन फूट खड्डा करून, चुना टाकून पुरल्या. धाकट्याने वर दगड रचला आहे.

आजी, तुमचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. वरवंट्याशी पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पाटा ठेवायचे." एवढंच बोलल्या. पण मग स्वतःहून उठून मागच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

पाणकळा, लोहाराकडे जाऊन आलो. लोखंडी चौकट, दोन कड्या. आमची जाळी षटकोनीच आहे, तीही बदलतो.

---

टोचणी | २१ ऑगस्ट, सकाळी ११.२०

मी निवृत्त पशुवैद्य. आयुष्याची ३० वर्षं पुणे जिल्ह्यातल्या दवाखान्यांत गेली. काही गोष्टी सांगतो.

आधी जखमी कोंबडा. त्याला बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. रक्त दिसलं की आपल्याच कोंबड्या त्याला टोचून टोचून मारतात. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवा आणि माशी बसू देऊ नका, या दिवसांत जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात. जवळच्या दवाखान्यात एकदा दाखवा. उरलेल्या कोंबड्या काही दिवस अंडी देणार नाहीत. घाबरलेली कोंबडी थांबते, त्याची काळजी करू नका.

या खेपेला मानेवर दात दिसले, कारण उघड होतं. पण पुढे कधी एकाएकी तीन-चार पक्षी अंगावर जखम नसताना मेले, तर हाताने उचलू नका, मुलांना दूर ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तो भारतातला पहिला. लवकर कळवलं नाही तर आपल्यामुळे शेजाऱ्यांचेही पक्षी जातात. परसातल्या पाच कोंबड्याही या हिशोबात धरल्या जातात.

आता तुमचा प्रश्न. घरात लहान मुलं, कामाला जाणारी माणसं आणि पावसाळा असेल तर एक दिवसाची पिल्लं नकोत. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. एक रात्र लाइट गेली तर सगळी एका कोपऱ्यात चढून गुदमरतात. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या. लसी झालेल्या असतात, पिसं भरलेली असतात. जाती वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज, कावेरी यांतल्या कुठल्याही चालतील. पहिल्या दोन हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची. अंडी गावरानपेक्षा पुष्कळ जास्त, पण खुडूक फारशा बसत नाहीत. पिल्लं घरीच काढायची असतील तर गावरान हवी. ती वर्षाला ६०-७० अंडीच देईल, पण आई होईल.

नवे पक्षी आणले की तीन आठवडे वेगळे ठेवा आणि जुन्यात मिसळताना रात्री दांडीवर नेऊन बसवा. दिवसा सोडले तर मारामारी.

लसीचं वेळापत्रक डोक्यात ठेवा. राणीखेत रोगावरची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. गंबोरो रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या सुमाराला. लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत पंखाला, कारण देवी डासांमुळे पसरते आणि तुमचा डासांचा भाग आहे. आठव्या आठवड्याला राणीखेतची आर-टू-बी टोचायची. थोड्याच कोंबड्या पाळणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते. लसीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची मिळते, तुमच्याकडे पक्षी दहा. एकदा कालवली की ती दोनेक तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. म्हणून लोक लसच टाळतात आणि मग राणीखेत येतो आणि खुराडं एका आठवड्यात रिकामं होतं. शेजारच्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवा. कुपी थर्मासमध्ये बर्फात घालून आणा, ती २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. आमच्या पुण्यात औंधला लसी तयार करणारी सरकारी संस्था आहे, आणि शहरातल्या शहरात लोक लसीवाचून कोंबड्या घालवतात, याचं मला नोकरीभर वाईट वाटत आलं आहे.

---

गच्चीबाग | २१ ऑगस्ट, दुपारी ४.०२

टोचणी काका, आमची वारज्यात तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे. दोन कोंबड्या ठेवल्या तर?

---

टोचणी | २१ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

नको. उन्हाळ्यात गच्चीची फरशी तापते आणि कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. खाद्य सांडलं की उंदीरही येतात. भाजीच करा. कोंबडीला माती लागते, उकरायला आणि अंगावर उडवून घ्यायला.

---

काळी माती | २२ ऑगस्ट, रात्री ८.१५

ओसरी ताई, तुमचं वाफे आणि कोंबड्यांचं गणित मला फार आवडलं, म्हणून बागेपुरतं लिहिते. आम्ही उरुळी कांचनला, रोपवाटिकांच्या गावात.

पुढचे दोन-तीन महिने तुमच्या वाफ्यांवर कोंबड्या नसणार. याच महिन्यांत त्यांची उणीव जाणवेल. रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई हाताने वेचा, मुलांना हे काम आवडतं, आणि मिठाच्या पाण्यात टाका. ओलं पोतं वाफ्याच्या कडेला टाकून ठेवलं की सकाळी त्याखाली जमलेल्या मिळतात. हुमणीच्या अळ्यांसाठी वाफा खणाल तेव्हा उरलेल्या पाच जणींना, म्हणजे चार जणी आणि कोंबड्याला, अर्धा तास तिथे सोडा. त्यांनाही बरं वाटेल.

एक चूक मी केली होती ती सांगते. गादी घाईने, न कुजवता वांग्याला घातली. कोंबडीखत फार कडक असतं. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि ४० रोपं हातची गेली. आता एक घमेलं गादीला तीन घमेली सुका पाला असं थर देऊन तीन महिने झाकून ठेवते, मध्ये दोनदा उलथते. खत झालं की वास मातीचा येतो, नाकाला झोंबत नाही. वास झोंबला की अजून थांबायचं.

आणि पावसाळ्यात गादी ओली राहिली तर पिल्लांना रक्ती हगवण लागते. रोज खालीवर करा, वर थोडा चुना भुरभुरवा. मूठभर उचलून दाबा. गोळा झाला तर ओली आहे, सुटून पडली तर ठीक.

---

ओसरी | १ ऑक्टोबर, रात्री १०.३०

महिनाभर इथे आले नाही, माफ करा. गणपती, परीक्षा आणि बाकी बरंच.

दार बसलं. ज्या दिवशी लोहार आला त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, आता सगळ्यांनी एकेकदा लावून बघायचं. मी लावलं, त्याने लावलं, धाकट्याचा हात वरच्या कडीला पुरेना म्हणून त्याच्यासाठी दगड ठेवला. सासूबाईंनी लावलं. लेक दारातून बघत होती. जुनं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. सासूबाईंनी तिला हाक मारली आणि म्हणाल्या, "हे कसं लावायचीस ते दाखव मला." ती म्हणाली, "आता कशाला, ते काढलंय." त्या म्हणाल्या, "तरी दाखव." मग लेकीने ते दार चौकटीला उभं धरायला लावलं, चप्पल काढली, अंगठा खालच्या कडेला घातला आणि उचललं. सासूबाईंनीही चप्पल काढली. गुडघ्यामुळे त्यांना जमेना, तिने त्यांची टाच हातात धरून अंगठा कडेखाली नेला. दोघी तिथेच चिखलात उभ्या राहून रडल्या. मी पुढे गेले नाही.

आता दार उजेडातच लागतं. लेक आणि मोठं एक कुणीतरी. ती आत मोजते आणि आकडा मोठ्याने म्हणते, ओसरीवरून सासूबाई तो परत म्हणतात. पुरंदरच्या आजी, हे तुमचं आहे.

काजळी सप्टेंबरच्या सुरुवातीला खुडूक बसली. ती गावरान रक्ताची आहे. आम्ही तिला हुसकणार होतो, पण सासूबाई म्हणाल्या, "बसू दे तिला." ज्यांनी जीव पाळायला नकोत म्हटलं होतं, त्यांनीच पाटी आणली, राख आणि तूस पसरलं. ६ तारखेच्या रात्री तिच्याखाली ९ अंडी ठेवली, सगळी सहा दिवसांच्या आतली. सातव्या रात्री लेकीने एकेक अंडं बॅटरीवर धरून पाहिलं. ८ मध्ये लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसलं, एक कोरं होतं. ते काढलं.

२६ च्या रात्री अंड्यातून आवाज येऊ लागला. २७ ला सकाळी ७ पिल्लं होती, आठवं कवच फोडता फोडता गेलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक अशक्त होतं ते गेलं. ६ आहेत. काजळी पंख पसरून बसली की सहाच्या सहा नाहीशी होतात आणि मग तिच्या मानेजवळच्या पिसांतून एखादं डोकं बाहेर येतं. ओसरीवर काठी वाजायला लागली आहे, हळू वाजते, पिल्लं दचकतात म्हणून.

तलंगा दिवाळीनंतर आणू. आधी हे सहा.

---

पुरंदरची आजी | २ ऑक्टोबर, सकाळी ५.५०

वाचून डोळे भरले गं. पिल्लांवर घारीचं लक्ष असतं, पंधरा दिवस डालग्याखालीच ठेवा. पहिले दिवस तांदळाच्या कण्या आणि पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून, नाहीतर बुडतात. सासूबाईंना सांग, एकदा सासवडला या. अंजिराच्या दिवसांत या.

---

टोचणी | ३ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

उत्तम. लासोटाचा दिवस उद्या येतो आहे, लक्षात आहे ना?

---

ओसरी | ४ ऑक्टोबर, रात्री ९.२०

काका, झाली. आजूबाजूच्या चार घरांना आधीच विचारून ठेवलं होतं, सगळी मिळून ६३ पिल्लं निघाली. नवऱ्याने सकाळी थर्मास घेऊन कुपी आणली. आमच्याच ओसरीवर सगळे जमले, कुणी डालगं घेऊन, कुणी खोक्यात. आधी लेकीने पिल्लू मुठीत धरायचं, डोकं दोन बोटांत, आणि मी डोळ्यात थेंब टाकायचा. पिल्लाने डोळा मिटून पुन्हा उघडला की थेंब आत गेला, असं तिने शेजारच्या काकूंना समजावून सांगितलं. दोन घरं झाल्यावर आम्ही जागा बदलल्या. मी धरायला बसले आणि ड्रॉपर तिच्या हातात दिला. मग धाकट्याने विचारलं, "मला?" त्याला एक पिल्लू धरायला दिलं. तो श्वास रोखून बसला होता.

दार सव्वासहाला लागलं. आतून लेक "अकरा" म्हणाली. ओसरीवरून सासूबाईही "अकरा" म्हणाल्या.